दुपारी मरणारा कॅमेरा

१

सतरावा ड्रायव्हर दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मेला, तोही चार पाहुण्यांच्या देखत.

यंत्र तसं देखणं होतं. पेटीएवढं, वर एक दांडी, दांडीच्या टोकाला कॅमेरा. खाली पुस्तक उघडून ठेवलं की कॅमेऱ्याने पान बघायचं आणि यंत्राने ते मोठ्याने वाचून दाखवायचं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. सकाळपासून ते घडाघडा वाचत होतं. पाहुणे येणार म्हणून त्याला लावलेल्या वायरीबियरी काढून, फडक्याने पुसून ते मधल्या टेबलावर मांडलं होतं. मालकांनी गोष्टींचं पुस्तक उघडून खाली ठेवलं. यंत्र म्हणालं, "एका म्हातारीला दोन..." आणि गप्प बसलं.

म्हातारीला दोन काय, ते कुणालाच कळलं नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: कॅमेरा सापडत नाही.

"समोरच तर आहे की," एक पाहुणी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

पाहुणे चहा न घेता गेले. दार बंद झालं आणि मालक वळले. कारखान्यातली बाराही माणसं खुर्च्यांवर बसून होती, पण प्रत्येकाला वाटत होतं की आपण उठून कुठेतरी जावं.

"मॅडम, सतरा ड्रायव्हर! तीन आठवडे! एक कॅमेरा तुम्हाला धड चालवता येत नाही? उद्या चारपर्यंत हे चाललं नाही, तर ड्रायव्हर बाहेरच्या माणसांकडून लिहून घेणार. मग इथे तुमचं काय काम राहतं, ते तुम्हीच सांगा."

ज्यांना हे ऐकवलं, त्या बाईंनी मान खाली घातली नाही. नुसतं म्हणाल्या, "माझ्याकडे चालतंय."

हे वाक्य त्या तीन आठवड्यांत इतक्या वेळा आणि इतक्या तोंडून निघालं होतं, की मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. मग ते आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी एका म्हाताऱ्याला फोन लावला.

२

म्हाताऱ्याला सगळे रेडिओकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले होते. मालक लहानपणी वडिलांचा रेडिओ काखेत मारून त्यांच्याच दुकानात यायचे. आता दुकान बंद होतं, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात कायम भिंग होतं आणि स्वभाव सोल्डरच्या तापलेल्या सळईसारखा. हात लावला की चटका.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," काका आल्या आल्या म्हणाले.

"म्हणून तर बोलावलं. ज्यांना कळतं त्यांनी माझं डोकं खाल्लंय."

"आणि ती तुझी ड्रायव्हरवाली माझी सून आहे, हे विसरलास?"

मालक विसरले नव्हते. "काका, तुम्ही स्वतःच्या मेव्हण्याला तोंडावर सांगितलं होतं की टीव्ही त्यानेच पाडला. मला आठवतंय."

"बरं. मग एक ऐक. जे सापडेल ते मी सगळ्यांसमोर सांगणार. तुला आवडो, सुनेला आवडो, नाहीतर न आवडो."

दारात सूनबाई उभी होती. तिने हे ऐकलं होतं.

"बाबा, तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "तुम्ही माझी बाजू घेतलीत तर म्हणतील, सासरा वकील झाला. नाही घेतलीत तर मेलेच."

"मी बाजू घ्यायला आलोच नाही. आधी सांग, ड्रायव्हर म्हणजे नक्की काय?"

तिने उसासा टाकला. "हा बोर्ड. यंत्राचा मेंदू समजा. ही त्याची यूएसबीची खाच. खाचेत कॅमेरा खुपसला की बोर्डाने आधी विचारपूस करायची. तू कोण, तुला काय येतं, किती वीज खातोस. मग त्याला कामाला लावायचं. ही विचारपूस करणारा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. तो मी लिहिलाय."

"आणि तो मरतो कसा?"

"मध्येच कॅमेरा उत्तर देईनासा होतो. का, ते कळत नाही. तेच तर कळत नाही, बाबा!"

काकांनी मान हलवली. "कुणाच्या हातून मरतो, ते आधी बघू."

३

यंत्रं तपासायचं काम शंकाताईंचं. ताई पन्नाशीच्या. सकाळी घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, म्हणून हे नाव. त्यांच्याकडे जाडजूड वही होती आणि तिच्यावर त्यांचा नवऱ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

"वाचा," त्यांनी वही पुढे सरकवली. "एकही नोंद सुटलेली नाही."

काका वयाच्या तिशीत वाचायला शिकले होते. अजून बोट ठेवून वाचायचे, त्यामुळे त्यांच्या नजरेतून ओळ सुटत नसे. दहावा ड्रायव्हर: सकाळी नऊला बोर्डावर चढवला, चालला, अकरा पाचला मेला. अकरावा: सकाळी नऊला चढवला, चालला, साडेअकराला मेला. चौदावा, पंधरावा, सोळावा. सगळ्यांची तीच कथा.

"अकराच्या आधी एकही मेला नाही?"

"एकही नाही. सकाळी शहाण्यासारखे वागतात. मला वाटतं, गरमी. बोर्ड तापत असणार."

"मेल्यावर काय करता?"

"सूनबाईंना हाक मारते. त्या येतात, आपली वायर जोडतात, बोर्डाचे निरोप वाचायला. आणि काका, खरं सांगू? त्या वायर जोडतात आणि कॅमेरा टुणकन उठून बसतो! डॉक्टर दारात आला की ताप उतरतो ना, तस्सं. मग त्या म्हणतात, चालतंय की. आणि मी वेडी ठरते." ताईंचा आवाज चढला. "मी काय हौसेने लिहिते का हे सगळं?"

काकांनी वहीवरचं बोट उचललं नाही. "यात तुमचं काय लिहिलंय?"

"माझं? माझं कशाला? वही यंत्राची आहे."

काकांनी बोट शेवटच्या ओळीपर्यंत नेलं. सतरा नोंदी होत्या, आणि त्यांत एक माणूस कुठेच नव्हतं.

४

बोर्डाचा नकाशा काढणाऱ्याला नकाशेबुवा म्हणत. टेबल आरशासारखं. पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. मधोमध एक उघडा बोर्ड, त्याला कॅमेरा, आणि पडद्यावर समोरच्या भिंतीचं चित्र. भिंत हलत नव्हती, पण चित्र चालू होतं एवढं खरं.

"तीन आठवडे अखंड चालू आहे," नकाशेबुवा म्हणाले. "एकदाही मेला नाही. यावर चिप बनवणाऱ्यांनी दिलेला नमुन्याचा ड्रायव्हर आहे. काका, मला कुणाचं वाईट बोलायचं नाही. बोर्ड तोच. कॅमेरा तोच. बदललं काय? ड्रायव्हर. आता तुम्हीच ठरवा."

"वायर कुठेय? ती निरोप वाचायची?"

"मला लागतच नाही."

"आमच्या सुनेचा ड्रायव्हर यावर घालून बघितलात?"

"छे! हा नमुना आहे. याला मी कुणाला हात लावू देत नाही." बोर्डावर खाचेजवळ एक पांढरी पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर सुबक अक्षरात तेच लिहिलं होतं.

"म्हणजे तुमचा बोर्ड, तुमचा ड्रायव्हर. तिचा बोर्ड, तिचा ड्रायव्हर. अदलाबदल एकदाही नाही?"

"गरजच काय? माझ्याकडे चालतंय."

काकांच्या कपाळाची शीर उडाली. हे वाक्य पुन्हा कानावर आलं तर हातातलं भिंग फेकून मारू, असं त्यांना वाटलं. पण मघापासून त्यांना आणखी एक गोष्ट खटकत होती. नकाशेबुवा बोलताना सगळीकडे बघत होते. फक्त आपल्या बोर्डाकडे नाही.

५

संध्याकाळी घरी सूनबाई पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज जरा जास्तच येत होता. काकांच्या मुलाने परिस्थिती ओळखली आणि कपडे वाळत घालायला बाहेर पडला.

"बाबा, काय सापडलं?"

"तू काय सांगितलं नाहीस, ते आधी सांग."

लाटणं थांबलं.

"मी तुला सहा वर्षं बघतोय. मीठ जास्त पडलं तरी तू आधी सांगतेस आणि मग वाढतेस. आज तू दोनदा माझी नजर चुकवलीस."

तिने पिठाचे हात पदराला पुसले. "बाराव्या ड्रायव्हरपासून मी एक युक्ती घातली. कॅमेरा हरवला की ड्रायव्हर गुपचूप तीनदा त्याला हाक मारतो. चौथ्यांदा हरवला तरच निरोप लिहितो. मालक रोज निरोप मोजायचे. आज किती चुका, काल किती चुका. मला वैताग आला होता."

"म्हणजे तू मेल्याची खबर दाबलीस."

"हो."

"आणि त्यामुळे मेला कधी, हे कुणालाच नीट कळेना. तुलाही."

"हो म्हटलं ना!" तिचा आवाज फुटला. "आता उद्या सांगा सगळ्यांसमोर. तुम्ही शब्द दिलाय."

काकांना पोळी गोड लागली नाही. शब्द दिला होता, खरंच. ही गोष्ट कळली की बाकी काहीही सापडो, नोकरी गेलीच समजायची. ताटावरून उठताना त्यांनी सहज विचारलं, "कॅमेऱ्याला एक बारीक दिवा असतो ना? मरताना तो चालू असतो का?"

सूनबाई बघतच राहिली. "पेटीत दिवा झाकला जातो. कुणी बघितलाच नाही."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी शंकाताईंना पेटीचं झाकण काढायला लावलं आणि शेजारी स्टूल ओढून बसले. हातात स्वतःची पाठकोरी वही.

"ताई, रोज करता तेच करा. यंत्राचं तुम्ही लिहा. तुमचं मी लिहितो."

"माझं काय लिहिणार?"

"शिंकलात तरी लिहीन."

ताई नाक मुरडून कामाला लागल्या. काका एकेक अक्षर कोरत होते. नऊला वायर जोडली, ड्रायव्हर चढवला. साडेनऊला दहा पानं वाचून झाली. दहाला चहा. दहा पाचला वायर काढली.

"थांबा. वायर का काढलीत?"

"रोजच काढते. ड्रायव्हर चढवायला वायर लागते, पण यंत्र लोकांच्या घरी जाईल तेव्हा वायर असणार आहे का? म्हणून पहिला भाग वायर लावून, दुसरा वायर काढून. हे काय लिहायचं असतं?"

काकांनी तेही लिहिलं. दहा एकतीसला कॅमेऱ्याचा बारीक दिवा मिणमिणला आणि विझला. काकांनी स्वतःच्या हाताने वायर खुपसली. दिवा लागला. काढली. वीस मिनिटांनी विझला. पुन्हा लावली. लागला.

"गरमी नाही," काका म्हणाले. "दुपारही नाही. वायर! सूनबाई वायर कधीच काढत नाही, म्हणून तिच्याकडे चालतंय. पाहुणे आले तेव्हा शोभेसाठी काढली, म्हणून म्हातारीची गोष्ट अर्धी राहिली."

आवाज ऐकून सगळे गोळा झाले होते. नकाशेबुवा पुढे आले. "मग तर सरळच आहे. वायर असली की ड्रायव्हर निरोप लिहीत बसतो, त्यात वेळ जातो, कॅमेऱ्याला दम खायला मिळतो. वायर काढली की ड्रायव्हर घाई करतो आणि कॅमेरा कोलमडतो. दोष ड्रायव्हरचाच."

सूनबाईचा चेहरा उतरला. "असं होऊ शकतं," ती हळूच म्हणाली. "बाबा, असं खरंच होतं."

मालकांनी घड्याळाकडे बघितलं.

७

"दिवा," काका म्हणाले. "घाई केली तर माणूस बोलायचा थांबेल. दिवा का विझेल? कॅमेऱ्याची वीजच जातेय."

"वीज चालू-बंद करायला खाचेजवळ एक छोटा स्विच असतो. ड्रायव्हर तोही बंद करू शकतो," नकाशेबुवा म्हणाले.

"शकतो. म्हणून आता भांडण नको. अदलाबदल करायची. सुनेचा ड्रायव्हर तुमच्या बोर्डावर, तुमचा ताईंच्या बोर्डावर. दोन्हीकडे वायर काढून."

"माझ्या नमुन्याला..."

"बुवा, घाला!" मालक ओरडले.

ड्रायव्हर बदलले, वायरी काढल्या. मग सगळे दोन टेबलांभोवती उभे राहिले, जशी माणसं दवाखान्याबाहेर उभी राहतात. बावीस मिनिटांनी ताईंच्या बोर्डावरचा दिवा विझला. त्यावर चिपवाल्यांचा, नावाजलेला, नमुन्याचा ड्रायव्हर होता. सूनबाईचा सतरावा ड्रायव्हर नकाशेबुवांच्या बोर्डावर चालत होता. अर्धा तास झाला, तास झाला, जेवणाची वेळ टळली. भिंतीचं चित्र हटायला तयार नव्हतं.

"ज्या बोर्डावर मरतं त्यावर कुणाचाही ड्रायव्हर मरतो," काका म्हणाले. "ज्यावर जगतं त्यावर कुणाचाही जगतो. तर आता ड्रायव्हरला सोडा. दोन बोर्डांत फरक काय, तेवढं बघायचं. सारखेच आहेत ना, बुवा?"

नकाशेबुवा टेबलापासून एक पाऊल मागे सरले.

काकांनी भिंग सरसावलं आणि पांढऱ्या पट्टीचं टोक नखाने उचललं. पट्टीखाली तांदळाच्या कणीएवढा एक भाग जोडलेला होता. इतर बोर्डांवर तिथे कोरी जागा.

"यंत्राने लावलेला सोल्डरचा डाग सगळा एकसारखा असतो. हा एका बाजूला कललाय. हा हाताचा आहे. चाळीस वर्षं मी हेच केलंय, मला शिकवू नका."

८

नकाशेबुवांनी खुर्ची ओढली आणि बसले. पेन्सिली पुन्हा नीट लावल्या. मग बोलले.

"पहिला बोर्ड आला त्या दिवशी कॅमेरा टिकेना. बघितलं तर तो वीज सोडणारा स्विच चालू ठेवायला जो जोड लागतो, तोच माझ्या नकाशात काढायचा राहून गेला होता. स्विच नुसता अधांतरी. वीसपंचवीस मिनिटं टिकायचा, कधी तास-दीड तास, मग पडायचा. मी हाताने जोड लावला. दोन मिनिटांचं काम. नकाशात नंतर चढवू म्हटलं, तेवढ्यात फोन आला. दुसऱ्या दिवशी दोनशे बोर्ड बनवायला नकाशा जुनाच गेला."

"आणि वायर?" शंकाताईंनी विचारलं.

"वायर आपली थोडी वीज घेऊन येते. ती नेमकी त्याच रेषेवर पडते. म्हणून वायर असेपर्यंत स्विच जागा."

"तुला माहीत होतं," मालक म्हणाले. चिडून पहिल्यांदाच ते अरेतुरेवर आले होते.

"नव्हतं! मी विसरलो होतो, शपथ. दहाव्या ड्रायव्हरच्या वेळी एकदम आठवलं. पण तोवर मी दहा वेळा सांगून बसलो होतो की बोर्डात दोष नाही. रोज वाटायचं, आज सांगू. रोज तुम्ही यांच्यावर ओरडायचात, आणि मग आणखीनच अवघड व्हायचं. शेवटी पट्टी चिकटवली."

काकांना बुवांचा राग आला आणि कीवही आली. त्यांनी घसा खाकरला. अजून एक गोष्ट सांगायची उरली होती, आणि ती जिभेवर येत नव्हती.

"मला बोलायचंय," सूनबाई म्हणाली. तिने सासऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बाराव्यापासून मी पहिल्या तीन चुका लिहायच्या नाहीत, असं केलं होतं. रोजची मोजदाद नको म्हणून. त्यामुळे वीज कधी गेली हे लपलं. नाहीतर वायरीवर मीच आठवडाभर आधी पोचले असते. ही चूक माझी."

मालक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. "एकाने बोर्ड झाकला, एकीने चुका झाकल्या. आणि मी रोज चुका मोजत बसलो! वा!" ते मटकन बसले. "बुवा, दोनशे बोर्ड. जोड तुम्हीच लावायचे, हाताने. आजपासून."

"लावतो."

"मॅडम, ती युक्ती काढा. बाहेरचा कुणी बोलवत नाही. तुमची नोकरी राहिली."

"राहिली नाही, ती माझीच होती," सूनबाई म्हणाली. आवाज शांत होता, म्हणून काकांना जास्त भीती वाटली. "काल दुपारी बारा माणसांसमोर तुम्ही विचारलंत, इथे तुमचं काय काम. ते याच बारा माणसांसमोर परत घ्या."

"आत्ता?"

"चारच्या आत."

मालक उठले. त्यांनी एकदा काकांकडे बघितलं, कदाचित ते सोडवतील म्हणून. काका भिंग पुसण्यात गर्क झाले होते. मालकांनी खिशात हात घातले, पुन्हा बाहेर काढले. सगळ्यांकडे तोंड केलं.

"काल मी मॅडमना जे बोललो," ते म्हणाले, "ते चुकीचं होतं. दोष त्यांच्या ड्रायव्हरचा नव्हता. मी नीट बघितलं नाही, आणि... ओरडलो."

"ऐकू आलं नाही मागे," शंकाताई म्हणाल्या. त्या पुढच्याच रांगेत उभ्या होत्या.

मालकांनी ते पुन्हा, मोठ्याने म्हटलं. सूनबाईने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली आणि खुर्ची पुढे ओढली.

"चला, सरका," ती म्हणाली. "मला काम आहे."